ह्यांचं मत

आमच्या ह्यांचं नाव इनॉस. नदीकाठी आमची मक्याची गिरणी, आणि अख्ख्या परगण्यात ह्यांच्याइतका गोड माणूस नाही. गोड कसला, मिळमिळीत! गुलामी हवी म्हणणारा आला की "खरंय बुवा", नको म्हणणारा आला की त्यालाही "खरंय बुवा". बत्तीस वर्षं मी कपाळाला हात लावून ऐकत आले. माझ्या भावाकडे, लीवायदादाकडे, सतरा गुलाम. त्यांतला गिडियन दर शनिवारी दळण घेऊन यायचा. पीठ पडेपर्यंत हे आणि तो ओट्यावर बसून मासे, पाऊसपाणी असलं काहीबाही बोलत राहायचे. माझ्याशी नाही बोलले कधी इतके!

अठराशे साठ सालच्या उन्हाळ्यात दादानं गिडियनला दक्षिणेच्या कापूसवाल्यांना विकलं. बायको-पोरं इथंच राहिली. ह्यांनी दादापाशी चकार शब्द काढला नाही. मला असा संताप आला, की दोन दिवस मी ह्यांना नुसतं वाढलं, बोलले नाही.

नोव्हेंबरात निवडणूक आली. त्या वर्षी देशाची नुसती चिरफाड चाललेली. गुलामी पसरू देणार नाही म्हणणारा उत्तरेचा माणूस निवडून आला तर दक्षिणेची राज्यं फुटणार, असं जो तो बोलायचा. आमच्या केंटकीत मत तोंडानं द्यायचं, कोर्टाच्या पायरीवर उभं राहून, सगळ्यांदेखत. दादानं बजावलं, "दाजी, आपल्याच माणसाचं नाव घ्यायचं. नाहीतर गिरणीवर कुत्रं फिरकणार नाही, सांगून ठेवतो."

"बरं बुवा," हे म्हणाले.

मी गाडीपाशी उभी होते; आम्हा बायकांना कुठलं आलंय मत! कारकुनानं विचारलं, "इनॉस टॅल्बट, मत कुणाला?" ह्यांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि त्या उत्तरेच्या माणसाचं नाव घेतलं.

"कोणाला?" कारकुनाला पटेचना.

ह्यांनी पुन्हा घेतलं, चांगलं खणखणीत. त्या माणसाला आमच्या परगण्यातलं ते पहिलं मत. कुणीतरी चिखल फेकून मारला. हे तो पुसत गाडीकडे आले.

शनिवारी गिरणीवर चिटपाखरू नाही. दुपारी दादा आला, तो थेट माझ्याकडे. "केझाया, हा माणूस बिथरलाय. उद्या लढाई पेटली तर लोक ह्याला घरासकट जाळतील. बोचकं बांध आणि माझ्याकडे चल."

मला हसूच फुटलं. "दादा, बत्तीस वर्षं मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले. आता कुठे बोलायला लागलेत, आणि मी निघून जाऊ?"