पायाखालचा गालिचा

ग्लेन मोरात वाईट वाजवणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. टाळ्या वाजवतात. नीट, पोटभर टाळ्या वाजवतात आणि चहाच्या तंबूकडे वळतात. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या या गावात वाजवणाऱ्याचा निकाल नाचणारे लावतात. फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, संथ धून संपून द्रुत सुरू झाली की गर्दीतून कोणीतरी न बोलावता उठतं, लाकडी मंचावर चढतं, हात खाली सोडून नुसत्या पावलांनी थोडं नाचतं आणि पुढच्याला जागा करून देतं. कोणीच उठलं नाही, तर काय ते समजून घ्यायचं.

एफी मॅकएकर्नला ते समजलं, आणि मिरचीसारखं झोंबलं.

ती जॉन अ‍ॅलेक्सची मुलगी. जॉन अ‍ॅलेक्सच्या फिडलवर अख्खं खोरं नाचलं होतं. त्याच्यामागे फिडल लेकीकडे आली आणि लेक ती घेऊन एका मोठ्या नाचगाण्याच्या कंपनीबरोबर जग फिरायला निघाली. आमच्याकडे फिडल खुर्चीत बसून वाजवतात आणि वाजवताना दोन्ही टाचांनी जमिनीवर ठेका धरतात. कंपनीच्या साहेबाला ती ठकठक माइकमध्ये नको होती. आधी त्याने एफीच्या पायाखाली जाड गालिचा घातला, मग तिला उभंच केलं. चाल, गिरकी घे, अजून जलद वाजव. एफीने सगळं केलं. जर्मनीत, जपानमध्ये, टेक्सासमध्ये लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढे कंपनी बुडाली, एफी घरी आली आणि शाळेची बस चालवू लागली.

जुलैत चर्चचा मेळावा भरतो, तेव्हा ती पहिल्यांदा गावासमोर वाजवायला उभी राहिली. खरोखरच उभी राहिली, कारण आता तिला बसून वाजवायची सवयच उरली नव्हती. बोटं विजेसारखी पळाली. पहिल्या रांगेत हेक्टर रोरी बसला होता. सत्तरी ओलांडलेला, पण त्याच्यासारखी पावलं खोऱ्यात कोणाची नाहीत. हेक्टर नाचला म्हणजे खुद्द पोपने शिक्का मारला, असं मानतात. तो शेवटपर्यंत चहाच्या कपात बघत राहिला. मग टाळ्या पडल्या. छान पडल्या.

घरी तिची आई कॅसी बटाटे सोलत होती. कॅसी एके काळी हेक्टरच्या तोडीस तोड नाचायची. नवरा गेल्यापासून मात्र तिने गुडघेदुखी पुढे केली होती आणि तिला कोणी आग्रहही करत नव्हतं.

"लोकांना आवडलं वाटतं," एफी म्हणाली. "टाळ्या तर केवढ्या पडल्या."

"टाळ्या फुकट असतात बाई. गुडघे नसतात."

"टोकियोत सगळं थिएटर उभं राहिलं होतं, आई."

"उभे राहिले होते ना? मग नाचायला काय धाड भरली होती?"

एफीने फिडल पेटीत घातली आणि झाकण आपटलं. टोकियो आता संपलं होतं, आणि इथल्या माणसांचे पाय तिच्यासाठी हलत नव्हते. आपण कुठल्याच गावच्या राहिलो नाही, ही भीती तिला खात होती. तिच्या जागी मी असतो तर मीही पेटी आपटलीच असती.

पाखरं दक्षिणेला गेली तरी पेटी उघडली नव्हती. मग एके दिवशी मुलांना सोडून रिकामी बस परत आणताना एफीच्या तोंडी एक गाणं आलं. आजीचं गाणं. पूर्वी नवं लोकरी कापड ओलं करून बायका टेबलाभोवती बसायच्या आणि गात गात ते आपटून घट्ट करायच्या. त्यातलं हे. पण एफी ते आजीसारखं गुणगुणत नव्हती. आजीची ओळ शेवटी वर चढायची, हिची खाली उतरत होती.

कुठून आलं हे, ते तिला लगेच आठवलं. कंपनीबरोबर फिरताना वादळाने बोट अडली आणि ती स्कॉटलंडच्या एका बेटावर अडकली होती. ज्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात आसरा मिळाला तिने नावही न विचारता पहिला प्रश्न केला, "तू कोणाची?" अगदी ग्लेन मोरात विचारतात तसा. एफीने बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव सांगितलं. म्हातारीने मान डोलावली, टेबल बडवायला घेतलं आणि आजीचंच गाणं गायली. फक्त शेवटी ओळ खाली आणली. स्कॉटलंड सोडून इकडे यायला बोटीत बसताना पूर्वजांनी अर्धं गाणं तिकडे ठेवलं होतं जणू.

त्या संध्याकाळी एफी फिडल काढून स्वयंपाकघरात बसली. ओळ आधी आजीसारखी वर न्यायची, मग बेटावरच्यासारखी खाली आणायची. धून जुळत होती, पण धावत होती. कॅसी शेजारी पीठ मळत होती. ती म्हणाली, "तुझे बाबा वाजवायचे तेव्हा तळघरातल्या बटाट्यांनासुद्धा झोप नसायची. तू आल्यापासून या घराची जमीन मुकी आहे."

एफीने खाली पाहिलं. तिची पावलं निपचित पडली होती, अजून गालिच्यावर असल्यासारखी. तिने बूट काढून भिरकावले आणि टाच आपटली. मग दुसरी. गज आपोआप थबकला, टाचांची वाट बघू लागला, आणि धून जमिनीवर उतरली. कॅसी पीठ ठेक्यात मळायला लागली.

हिवाळाभर ते घर दणाणत राहिलं.

पुढच्या जुलैत एफी मंचापाशी आली, तर मंचावर गालिचा! आवाजाची भाड्याची यंत्रणा नवी होती आणि समितीच्या डंकनला खालची ठकठक नको होती. एफीला आधी हसू आलं, मग संताप. तिने गालिच्याचं एक टोक धरलं, साथीला पियानो वाजवणाऱ्या सादीने दुसरं धरलं, आणि डंकन नियम सांगत असतानाच गालिच्याची वळकटी खाली गवतावर पडली. एफी खुर्चीत बसली.

संथ धून तिने बापाची वाजवली. सावकाश, टाचा फळ्यांवर टेकवत. मग द्रुत, आजीच्या गाण्यावरून तिने स्वतः बांधलेली. ओळ वर गेली, खाली आली. कोणी हललं नाही. पुन्हा वर गेली. एफीच्या टाचा चुकल्या नाहीत.

हेक्टरने आपला कप शेजारणीच्या हातात दिला.

तो मंचावर चढला. मान स्थिर, हात खाली, आणि बुटांच्या तळातून जणू तीच धून परत ऐकू येऊ लागली. एफीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. हेक्टर नाचला, मागे सरला, जागा मोकळी केली. हेक्टरनंतर यायची छाती कोणाची होणार? जागा मोकळीच राहिली.

तेवढ्यात चहाच्या तंबूतून एप्रन घातलेली कॅसी निघाली. वाटेत कोणीतरी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

"त्यांना विचारलंच नाही," कॅसी म्हणाली आणि वर चढली.

पहिली पावलं जड पडली. मग जॉन अ‍ॅलेक्सच्या बायकोची खोऱ्याला आठवत होती तशी पडू लागली. तिच्यामागे तिची बहीण आली, शेजारीपाजारी आले, शेवटी नियमांचा डंकनही आला. धून संपली तेव्हा टाळ्या वाजवायला खाली जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. सगळे मंचावर धापा टाकत होते.

"कोणाची गं ही धून?" हेक्टरने विचारलं.

"आजीची. अर्धी राहिली होती तिकडे, ती घेऊन आले."

"मग वाजव की पुन्हा," हेक्टर म्हणाला. तो मंचावरून उतरला नव्हता. कॅसीही नाही.