मुशीची पेटी आणि आत्याचं नाक

माझी आत्या मासळीच्या गोदामात माल तपासते. गाडीतून पेटी उतरली की कल्ले उघडून बघायचं, अंगावर बोट दाबायचं आणि शेवटी हुंगायचं. ती ‘हं’ म्हणाली की माल आत, ‘ऊंहूं’ म्हणाली की परत. घरीसुद्धा माझे मोजे ती जिन्यातूनच ओळखायची.

पण मागच्या सर्दीत तिचं नाक गेलं. सर्दी बरी झाली, वास काही परत आला नाही. मालकाला कळलं तर तपासणीच्या टेबलावरून उठवून मासे कापायला बसवणार, म्हणून तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मोज्यांवरून ओरडा बंद झाला तेव्हा मला कळलं. डोळे आणि बोट यांच्यावर ती गाडा रेटत होती. हुंगायचं नुसतं नाटक.

एके दिवशी मी गोदामात डबा द्यायला गेले तेव्हा गाडीतून मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, पेटी उतरत होती.

“ताई, मघापर्यंत पोहत होती हो! आता जरा डोळा लागलाय,” गाडीवाला म्हणाला.

“मग उठवा बघू.”

कातडी चकचकीत, मांस घट्ट. आत्या वाकली, नाटकापुरता श्वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “ऊंहूं.”

“आनंदाश्रू का, ताई?”

“हिच्या मांसात युरिया असतो. मेल्यावर जंतू त्याचा अमोनिया करतात, तो झोंबतो. उचला.”

शेजारी उभा असलेला मालक खूश. “म्हणजे कसंय ना, नाक असावं तर असं! म्हणजे कसंय ना, मशीन झक मारेल!”

पुढची पेटी बांगड्याची, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जायची. कल्ले धड लाल नाहीत, धड तपकिरी नाहीत. आत्या वाकली. डोळे कोरडे. बांगड्याच्या अंगात समुद्राचा खारेपणा सोसायला एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेला की जंतू तो फोडतात आणि तो ओळखीचा घाण वास सुटतो. सुरुवातीला तो झोंबत नाही, नाकालाच कळतो.

“म्हणजे कसंय ना, घेऊ आत?”

आत्या सरळ उभी राहिली. “शेठ, मला वास येत नाही.”

“पडसं?”

“नाकच गेलंय. सर्दीपासून.”

“मग मुशी?”

“ती डोळ्यांना झोंबली. बांगडा झोंबत नाही. तुम्ही हुंगा.”

मालकाने हुंगलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. “परत पाठवा. आणि इतके दिवस तुम्ही काय हुंगत होतात?”

“हवा.”

मालकाने पेटी गाडीकडे सरकवली. मग म्हणाला, “कल्ले आणि बोट तुमचं. हुंगायला कापणाऱ्यांतली एक घ्या. दोघींनी होकार दिल्याशिवाय पेटी आत येणार नाही.”

म्हणजे टेबल राहिलं, पण अर्धं. आत्याने पदराने डोळे पुसले आणि कापणाऱ्या बायकांतल्या सगळ्यात तरुण पोरीला हाक मारली. ती सुरी टाकून धावत आली आणि थेट पुढच्या पेटीवर वाकली.

“अगं थांब,” आत्या म्हणाली, “आधी हात धू. नाहीतर स्वतःलाच नापास करशील.”