गोचीड काढणारी बाई

मी पशुवैद्यकीय खात्यात आहे. शेजारच्या राज्यात काँगो तापाचे रुग्ण सापडले, तेव्हा आमच्याकडेही जनावरांच्या अंगावरचे गोचीड गोळा करून तपासणीला पाठवायचा आदेश आला. हा ताप गोचीड चावल्याने होतो, तसाच उघड्या हातांनी तो चिरडला तरी होऊ शकतो. परिपत्रकात तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं होतं.

खडकवासल्याच्या पुढे एका गोठ्यावर पोचले तेव्हा बॅगेत हातमोज्यांची एकच जोडी उरली होती. ती मी घातली. पण गाय मला जवळ येऊ देईना. गोठ्याची मालकीण, माझ्याच वयाची असेल, म्हणाली, "सरा ताई, तुमास्नी न्हाई जमायचं." तिने गाईच्या गळ्याखाली खाजवलं. गाय शांत झाली. मग कानामागचे, कासेजवळचे गोचीड पटापट उपटून ती माझ्या बाटलीत टाकू लागली. एक खाली पडला, तो तिने नखाने चिरडला आणि बोटाला लागलेलं त्याचं रक्त पदराला पुसलं.

मी बघत होते. 'थांबा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मला अजून दोन गोठे करायचे होते आणि बाटली भरत होती. मी म्हटलं, "छान, अजून चार-पाच काढा."

आठव्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. ताप उतरत नव्हता, हिरड्यांतून रक्त येत होतं. तिला शहरातल्या दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. मी गेले, तेव्हा डॉक्टर तिला विचारत होते, "गोचिडांना हात लावला होता का?"

मी दारातच होते. उत्तर मी द्यायला हवं होतं. खरं सांगायचं तर, ती 'नाही' म्हणू दे, असं मला वाटत होतं.

"काढले की," ती म्हणाली. "या गुरांच्या डॉक्टर मॅडम व्हत्या ना. त्यांनी मोजे घातले व्हते." आवाजात तक्रार नव्हती. विचारलं, ते तिने सांगितलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपण पशुवैद्य ना?" एवढंच म्हणाले.

रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ते तिन्ही दिवस मी माझ्या बचावाची वाक्यं जुळवत होते. काँगो नव्हता, डेंग्यू निघाला. कळल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते 'सुटले', 'सुटली' नव्हे.

ती घरी परतल्यावर माफी मागायला गेले. मला बघून तिचा चेहरा उजळला. "बरं झालं आलात. कालवड कालपासून चारा खाईना." मी कालवडीला तपासलं, इंजेक्शन दिलं, तिने केलेला चहा प्यायले. निघताना तिने मेथीच्या दोन जुड्या हातात दिल्या. त्याही घेतल्या. माफी तोंडातून निघालीच नाही.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "त्या काँगोचा संशय होता, त्या बाईचं काय झालं हो?"

"डेंग्यू निघाला, सर," मी म्हटलं, आणि पुढची फाईल उघडली.