बसायचं काम

सरूचे आईबाप खाडीकाठच्या मिठागरावर राबायचे, आणि सरू पेणला शिवणक्लासला जायची. उन्हानं रापलेली, रुंद खांद्यांची, पुढच्या दातांत फट. पण ती हसली की सगळा क्लास हसायचा.

शहाण्णव साली मुंबईहून मानसशास्त्राच्या एक मॅडम आल्या. मुलींना स्वतःचं रूप कसं वाटतं, यावर त्यांचं संशोधन होतं. कॉलेजच्या मुली एकेक करून खोलीत येणार आणि प्रश्नांची उत्तरं लिहिणार. मॅडमनी शिवणक्लासच्या मुली न्याहाळल्या आणि अनिताला न् सरूला बाजूला घेतलं. "तुम्ही आळीपाळीनं नुसतं समोर बसायचं. बोलायचं नाही."

"तुज्यात कायतरी हाय म्हनून तर निवडली ना गो," आई कौतुकानं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सरू ठेवणीतला ड्रेस घालून गेली. मॅडम म्हणाल्या, "कालचाच बरा होता."

शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवून उलगडा केला. देखण्या अनितासमोर बसलेल्या मुलींनी स्वतःच्या रूपाला कमी गुण दिले होते, सरूसमोर बसलेल्यांनी भरभरून. मुली माना वळवून बघू लागल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

सरू उठली. "म्हंजे माजं तोंड बघून यांना बरं वाटलं, व्हय?"

"तसं नाही गं. हा त्यांच्या मनाचा प्रश्न आहे, तुझा नाही."

"पन तोंड तर माजंच व्हतं ना?"

मॅडमनी चहा मागवला. अनितानं हात धरला, तो सरूनं झटकला. तिची काही चूक नाही, हे कळत असूनही.

पुढे क्लास सुटला. लग्न होऊन सरू रोह्याला आली. नदीपल्याडच्या अष्टमी भागात बिऱ्हाड, नवरा कंपनीत शिफ्टला. माणूस बरा होता. पण हळदीकुंकवाला कुणी शेजारी येऊन टेकलं, की ही आपल्याशी स्वतःला मापून घेतेय असंच सरूला वाटायचं. हसताना तोंडावर पदर यायला लागला.

शेजारच्या इंदुबाईंशी तेवढं तिचं जमायचं. एका दुपारी पापड लाटताना त्या सहज म्हणाल्या, "तुज्यापाशी बसलं की बरं वाटतं गो."

सरूचा हात थांबला. "का? माज्यापुढं देखन्या दिसता म्हनून?"

इंदुबाई लाटणं ठेवून उठल्या. "काय भरलंय गो तुज्या मनात!" एवढंच बोलून गेल्या.

हाक मारावी असं सरूच्या ओठांवर आलं होतं. तिनं मारली नाही. उरलेले पापड एकटीनंच लाटले. इंदुबाई पुन्हा कधी तिच्या दारात आल्या नाहीत.