नरसिंहाचे बारा मुखवटे

“वहिनी, देवले हात काब्र लावा, ते सांग,” दीर अभिमनने देवाला हात लावण्याचं कारण दुसऱ्यांदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याने बेबाबाईच्या तोंडात मारली. ती धान्याच्या कोठीवर आदळली. ओठ फुटला. तिचा नवरा लीलाधर ओसरीवर बसून कागदावर काहीतरी लिहीत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला.

या घरात बायकांवर हात उठायचा. सासूच्या डाव्या कानाला त्यामुळेच ऐकू येत नव्हतं. बेबाबाई मात्र आठ वर्षं सुटली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि पगाराच्या बाईला मारायचं नाही एवढी शिस्त घराने पाळली होती.

ती जळगावची. वडील डाळमिलमध्ये हमाल होते. पिंपळनेरजवळच्या या गावात लग्न होऊन आली तेव्हा तिची बोली ऐकून सासरचे हसायचे. शाळेत ती सगळे विषय शिकवायची, पण जीव चित्रकलेत. रंगीत खडू संपले की हळद आणि कोळसा घेऊन वर्गात जायची.

त्या वर्षी, १९९१ साली, दोन शाळांनी मिळून नाटक बसवायचं म्हणून जिल्हा परिषदेचं अनुदान आलं. अट एकच होती, दोन्हीकडची मुलं एकाच नाटकात हवीत. बेबाबाईने डोंगराकडची आश्रमशाळा जोडीला घेतली. तिथले करमसिंग सर भिल्ल समाजातले, कमी बोलणारे, ढोल मात्र असा वाजवायचे की मुलं जेवण सोडून यायची. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा गावाने पेढे खाल्ले. जोडीला कोण आहे हे कळल्यावर लोक म्हणू लागले की सरकारला दुसरी शाळा दिसली नाही का.

नाटक प्रल्हादाचं. खांबातून एकाच्या जागी बारा नरसिंह निघायचे, म्हणजे कोणी पोर कामावाचून रडायला नको. मुखवट्यांना साचा हवा होता, आणि तो घरातच होता. सासऱ्यांच्या, झुलाल नानांच्या देव्हाऱ्यात नरसिंहाचा जुना सागवानी मुखवटा होता. चैत्रातल्या भोवाड्यात, देवांच्या सोंगांच्या उत्सवात, घरच्या पुरुषाने उपास करून तो तोंडाला लावायचा आणि रात्रभर नाचायचं. एरवी त्याला कोणी शिवायचं नाही, बाईने तर नाहीच.

घरचे नरडाण्याला लग्नाला गेले त्या आठवड्यात बेबाबाईने तो आश्रमशाळेत नेला. तेल लावून त्यावर ओले कागद खळीने थापले, वाळल्यावर सोलून काढले, असं बारा वेळा. मग लाकूड पुसून जागच्या जागी ठेवलं. तिच्या हिशेबी देवाचं काहीच कमी झालं नव्हतं.

आज दुपारी गावात बातमी आली की नानांचा देव तोंडाला लावून भिल्लाची पोरगी नाचते आहे. अभिमन चौघांना घेऊन आश्रमशाळेत गेला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. सातवीतली रेशमा मुखवट्यातून बाहेर बघत असतानाच त्याने मारलं. कागद फाटला, खाली भुवई फाटली. करमसिंग मध्ये पडले. त्यांना ओट्यावर पाडून दोघांनी हात धरले आणि अभिमनने बोटं ठेचली, एकेक करून. मुलं भिंतीला चिकटून किंचाळत होती. बाकीचे मुखवटे चपलांखाली गेले. सरांना आणि रेशमाला जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं होतं.

लीलाधरने लिहून पुरं केलं आणि कागद आत आणला. करमसिंगने आपल्या देव्हाऱ्यातून देव चोरला, म्हणून लोक भडकले, असं त्यात होतं. साक्षीदार म्हणून बेबाबाईची सही हवी होती. सही झाली की करमसिंग दवाखान्यातून थेट कोठडीत जाणार आणि नोकरीला मुकणार.

“सही कर,” लीलाधर म्हणाला. “तुझी नोकरी राहील, अभिमन सुटेल. त्या मास्तरला कोण विचारतं?”

तिने नकारार्थी मान हलवली. अभिमनने तिचा हात पिरगाळून पाट्यावर दाबला आणि बोटांत पेन कोंबलं.

“मास्तरीणले सही बी येत नही का?”

तिने त्याच्या मनगटाला दात लावले आणि तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्याने तिच्या डोक्यात बुक्क्या घातल्या. सासू मध्ये पडली तेव्हा कुठे ती सुटली.

नाना इतका वेळ देव्हाऱ्यापाशी बसून होते. ते बेबाबाईला म्हणाले, “एक घर, एक देव व्हता. आते बारा व्हई गयात. मंग आपला कोनता? तू लयी गयी हाई माले माहीत शे. भाईर सांगू नको. सही करी दे.”

म्हणजे देव तिनेच नेला हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही सही हवी होती. बेबाबाई मोरीत गेली, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. कागद उचलला आणि तसाच बिनसहीचा लीलाधरच्या मांडीवर ठेवला.

“उद्या सकाळच्या एसटीने मी साक्रीला पोलिसांत जाणार आहे,” ती म्हणाली. “देव मी नेला हे लिहून देणार, आणि कोणी कोणाला मारलं तेही नावं घालून लिहून देणार.”