अर्धा पेला दूध

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर एक आजोबा, गळ्याला पट्टी, सावकाश दूध पीत होते. मला माझे वडील, अण्णा, आठवले.

डायलिसिसवर असताना त्यांच्या गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी चेकाळल्या आणि हाडांतलं कॅल्शियम उपसू लागल्या. दुधातल्या फॉस्फरसमुळे दूध तर कधीचंच बंद होतं. शेवटी त्या ग्रंथी काढल्या. मोठ्या डॉक्टरांनी लवाजम्यासह येऊन शस्त्रक्रियेच्या यशावर भाषण केलं; टाळ्या तेवढ्या राहिल्या.

"ते झालं हो," अण्णा म्हणाले, "आता दूध चालेल का?"

"हाडं आता कॅल्शियमला भुकेली आहेत. काही दिवस चालेल, अर्धा पेला."

अण्णा ते सायीसकट, चमच्याचमच्याने प्यायले. इतकी वर्षं त्यांच्या नजरेआड घेतलेला दुधाचा चहा आईने त्या सकाळी त्यांच्या शेजारी बसून घेतला.