कमलची दुसरी नोंद

कमल आणि मी शेवटचं काय केलं, तर मटार सोलले. तीन किलो. टीव्हीवर मॅच लावून, खाली बसून. "अहो, दाणे तोंडात कमी टाका, भांड्यात जास्त," एवढं तिचं चालू होतं. पहाटे ती गेली.

मी भुताखेतांवर कधी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलोय, चाळीस वर्षं पुण्यात रिक्षा चालवली, स्मशानावरून शंभर वेळा गेलो असेन... काही दिसलं नाही. जे असल्या गोष्टी सांगायचे त्यांना मी तोंडावर थापाडे म्हणायचो. आता मला म्हणा, हरकत नाही, पण पुरतं ऐका. बोलून लिहितोय फोनवर, चुकलं तर समजून घ्या.

आमची पोरगी वैशाली हिंजवडीला कंपनीत आहे, कोथरूडला आमच्याजवळच राहते. तिने स्वयंपाकघरात एक बोलणारा डबा आणून ठेवला होता. गोळ्यांची आठवण करतो, सांगितलेलं लक्षात ठेवतो, माणसाचा आवाज ओळखतो. मी त्याला हिंग लावून विचारायचो नाही. कमल मात्र त्याच्याशी दिवसभर बोलायची. काय दुखतं, काय आणायचं, सगळं त्याला.

आता खरं सांगतो. मटार सोलताना कमल म्हणाली होती, "छातीत जळजळतंय हो, हाताला मुंग्या येतायत." मी मॅचमधून मान न वळवता म्हणालो, "सोडा पी." बस्स. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वैशूने विचारलं, "बाबा, आई काहीच बोलली नव्हती?" तर मी म्हणालो, "नाही गं. काही नाही."

दहावा झाला. सकाळी घाटावर जाताना मी सवयीने घरातली सगळी बटणं बंद केली, डब्याची पिनही काढली. कुलूप लावलं. घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. वैशू म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." नाही. भाऊ म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका." नाही. अर्धा तास सगळे उन्हात उभे. मी मनात म्हणालो, कमल, आता काय राहिलंय तुझं? आणि पुढच्या क्षणी कावळा आला. जावयाने घड्याळ बघितलं, दहा चाळीस. जेवण खोळंबलं होतं ना त्याचं.

संध्याकाळी वैशूने डब्याची पिन लावली. म्हणाली, "आईने याला काही सांगितलं असेल तर बघते." तिने विचारलं, "आईला शेवटच्या दिवशी काही होत होतं का?"

डबा म्हणाला, "कमलताईंच्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली, त्या संध्याकाळची: छातीत जळजळतंय, ह्यांना सांगितलं, हे म्हणाले सोडा पी."

वैशूने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"दुसरी, आज सकाळी दहा चाळीसची: ह्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. कोणती खरी धरू?"

वैशू खुर्चीत बसली. मग फोन काढून शोधत राहिली. "बाबा, दोन उलट गोष्टी असल्या की हा कोण म्हणालं, कधी म्हणालं ते बघतो. नाहीच ठरलं तर नवी धरतो, नाहीतर विचारतो. पण ही... आईच्याच आवाजाची म्हणतोय."

"पिन काढलेली होती," मी म्हणालो.

"वेळ चुकली असेल. आधीचं काहीतरी उशिरा नोंदलं गेलं असेल."

थांबा, इथेच तर आहे सगळं. आधीचं कसं असेल? मी खोटं बोललो ते ती गेल्यावर. त्याआधी कमलला हे असं सांगायचं कारणच काय? बावन्न वर्षं ती माझ्यावर पांघरूण घालत आली. रिक्षा ठोकली की पोलिसाला सांगायची, ह्यांना बरं नव्हतं. तेच केलं तिने. मेल्यावर केलं. मला रडू नाही आलं, आनंदच झाला हो, अंगावर काटा येऊन हसायला लागलो. वैशू म्हणाली, "बाबा, पाणी देऊ का?"

मग तीच म्हणाली, "नवी खरी असेल. पहिली त्याने चुकीची ऐकली असेल. तुम्ही म्हणालातच ना, आई काही बोलली नव्हती." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

कंपनीतल्या दोघांना तिने नोंद दाखवली. दोघांनी दोन कारणं दिली, त्यातलं एकही पिन काढलेल्या डब्याला लागू होत नाही. मला अजून कळलेलं नाही, कळेल असं वाटतही नाही.

पण त्या दहाव्याच्या दुसऱ्या सकाळी मी काय केलं ते सांगून थांबतो. वैशू ऑफिसच्या बसला निघाली होती, चपला घालत होती. मी तिला आत बोलावलं. तिच्यासमोर डब्याला म्हणालो, "पहिली खरी धर. तिने मला सांगितलं होतं. मी उठलो नाही."